आत्याबाईचा पुढचा डावा पाय

घोडी लंगडायला लागली की लोक घोडीकडे नंतर बघतात, आधी खूर कापणाऱ्या खुरवालीकडे बघतात.

त्या सकाळीही तसंच झालं. स्वारीच्या शाळेच्या आवारात गाडी थांबली, खुरवाली उतरली, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी ‘या’ म्हणायच्या आधीच अशी एक नजर टाकली की तिला वाटलं, असंच परत गाडीत बसावं, घरी जावं आणि आठवडाभर झोपावं. हल्ली तिला झोप कशाहीवरून आठवायची. गवताच्या पेंढ्या बघून, रिकामी गोणपाटं बघून, एकदा तर नुसतं ‘उशी’ असं लिहिलेली दुकानाची पाटी बघून.

“ताई, दादांना आणलंत ना आज?” मालकीणबाईंनी विचारलं.

“आणलंय. उतरताहेत. त्यांचं उतरणं म्हणजे बोटीतून सामान उतरवण्यासारखं असतं, जरा वेळ द्या.”

गाडीतून आधी काठी आली, मग एक पाय, मग “या गाडीची सीट कुणी बनवली त्याला एकदा भेटायचंय मला” हे वाक्य, आणि सगळ्यात शेवटी तिचा नवरा. लोक त्याला अजून नालबंदच म्हणत, निवृत्त मास्तरांना मरेपर्यंत मास्तर म्हणतात तसं. त्याची कंबर गेली ती कुणा घोड्याने लाथ मारली म्हणून नाही. अख्खं आयुष्य घोड्यांच्या पोटाखाली ओणवा राहिला, आणि एका सकाळी सरळच होता येईना. आता तो बसू शके, उभा राहू शके, हळूहळू चालू शके. वाकणं मात्र संपलं होतं. आणि नालबंदाचं वाकणं संपलं की उरतं काय? जीभ. ती शाबूत होती.

त्याच्या हातातली हत्यारं मग बायकोने उचलली. इतकी वर्षं ती घोड्यांची तोंडं धरून उभी राहायची, आता त्यांच्या पायांपाशी आली. पण तिने एक उपद्व्याप केला. मेलेल्या घोड्याचा एक पाय मागून आणला आणि परसातल्या पायरीवर करवतीने उभा चिरला. नालबंद खिडकीतून ओरडत होता, “अगं घर आहे का कसाईखाना!” तिचं लक्षच नव्हतं. आत बघून तिच्या अंगावर काटा आला होता. एवढ्या मोठ्या जनावराचं आतलं शेवटचं हाड मुठीएवढं, बाहेरच्या खुराच्याच आकाराचं, आणि ते खुराच्या भिंतीला लटकलेलं असतं ते अळंबीच्या छत्रीखाली असतात तसल्या नाजूक पापुद्र्यांनी. खाली तळवा, बोटभरसुद्धा जाड नाही. मधे ती रबरासारखी त्रिकोणी गादी, जिला नालबंद लोक पुतळी म्हणतात आणि सुबक दिसावी म्हणून सुरीने कोरत बसतात. पाऊल टेकलं की ही गादी दबते, टाचा किंचित फाकतात, रक्त वर जातं. खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नाही, चालता-बोलता अवयव आहे, हे तिला त्या पायरीवर कळलं. त्यानंतर तिने खिळा मारला नाही. लोकांची घोडी हळूहळू अनवाणी झाली, नुसती कानस मारून, कड गोल करून, तळव्याला हात न लावता.

“लोकांची घोडी अनवाणी फिरवतेस,” नालबंद म्हणायचा, “आणि स्वतःला घरातली चप्पल वेगळी, परसातली वेगळी.”

“तुम्ही आणा ना मला टाचा फाकणारी चप्पल,” ती म्हणायची.

हे भांडण इतकं जुनं होतं की त्यातला राग कधीच झिजला होता, नुसती सवय उरली होती.

आज मात्र ते भांडण मालकीणबाईंच्या आवारात येऊन उभं राहिलं होतं. कारण आत्याबाई लंगडत होती.

आत्याबाई ही शाळेतली सगळ्यात जुनी घोडी. राखाडी, रुंद पाठीची, खालचा ओठ लोंबणारी. तिला हे नाव पडलं कारण तिच्यासमोरून कुणी चुकीचं काही करून जाऊ शकत नसे. लगाम जोरात ओढला तर थांबायची, पोराने टाच मारली तर मागे वळून बघायची, आणि ते बघणं असं असायचं की पोरगं आपोआप सॉरी म्हणायचं. गावातल्या निम्म्या मुलांना तिने बसायला शिकवलं होतं. आता गेले काही आठवडे ती पुढचा डावा पाय टेकताना मान वर झटकत होती. उभी असली की तो पाय पुढे टाकून ठेवायची, न आवडणाऱ्या पाहुण्यापुढे ताट सरकवावं तसा.

डॉक्टर येऊन गेले होते. फोटो काढला, चिमट्याने सगळा खूर दाबून पाहिला. पू नाही, तडा नाही, हाड चांगलं. “खूर कापणीच्या बाजूने बघा,” एवढं सांगून गेले.

“हे बघा ताई,” मालकीणबाई तबेल्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मला वाद घालायचा नाही. माझ्याकडे काम न करणारं जनावर ठेवायला जागा नाही, माणसं नाहीत. शनिवारी तो व्यापारी येतोय. म्हातारी घोडी नेतो तो. कुठे नेतो ते मी विचारलेलं नाही.” त्यांचे डोळे सुजलेले होते, त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येईना. “दादांनी सांगावं, तुम्ही ठोकावं. नाल बसवून ती चालली तर राहील. नाही तर नाही.”

“बाई, हिची भिंत बघा,” खुरवाली म्हणाली. तिने आत्याबाईचा पाय उचलून गुडघ्यांमध्ये धरला. आत्याबाईने ताबडतोब आपलं अर्धं वजन तिच्या पाठीवर ठेवलं, ही तिची जुनी खोड. “ही बाहेरची भिंत. ही आत पांढरी रेघ, इथे भिंत आणि तळवा जोडलेले असतात. खिळा या रेघेच्या बाहेरून जायला हवा. हिची भिंत आहे केवढी? बिस्किटासारखी तुटते कडेला. खिळा एक तर निसटेल, नाही तर आत लागेल. मग शनिवारची वाटच बघायला नको.”

“मग काय करायचं?”

“बघते.”

“गेल्या वेळीही बघते म्हणालात.”

आणि ती खरंच बघत होती. दर वेळी खूर उचलून टाचेकडून टोकाकडे नजर लावायची, दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या, बरोबर दिसायच्या. सगळं बरोबर होतं आणि घोडी लंगडत होती. रात्र रात्र तिने यावर डोकं फोडलं होतं. तळवा जास्त घेतला का? नाही. टाचा उंच राहिल्या का? नाही. पुतळी कोरली का? हात तुटेल पण पुतळी कोरणार नाही.

“अगं, तिला जरा फरशीवर उभी कर,” नालबंद म्हणाला. “सपाट जागेवर. समोरून बघतो.”

आत्याबाईला धुण्याच्या जागेपाशी, सिमेंटच्या फरशीवर आणलं. नालबंदासाठी कुणी तरी बुटकं स्टूल ठेवलं. तो त्यावर कसाबसा टेकला, दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर, आणि बघत राहिला. मालकीणबाई फोन आला म्हणून ऑफिसच्या खोलीत गेल्या. खुरवाली घोडीच्या मानेपाशी उभी राहिली. आता हा म्हणणार, तिला वाटलं. आता म्हणणार, ‘सांगत होतो.’ किती वर्षं दाबून ठेवलंय, आज सुटणार. म्हण बाबा एकदाचं. मलाही ऐकून मोकळं व्हायचंय.

पण तो काही म्हणाला नाही. उठला. उठताना कण्हलाही नाही, हे नवल. काठी टेकत तबेल्याच्या ओळीने निघाला. पहिल्या खणात शाळेचा तांबडा घोडा उभा होता, त्याच्यासमोर थांबला. खाली बघितलं. पुढे गेला. मग पांढऱ्या पायांची तट्टाणी. मग तो काळा, चावरा. प्रत्येकासमोर थांबायचा, पायांकडे बघायचा आणि पुढे सरकायचा. शेवटच्या खणापर्यंत गेला आणि तिकडेच तोंड करून उभा राहिला.

नवरा बोलत नाही म्हणजे काहीतरी फार वाईट आहे, हे तिला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त समजायचं.

तिने आत्याबाईला कडीला बांधलं आणि ती स्वतः त्याच्या स्टुलावर बसली. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायला. एरवी ती घोड्यांना कधी अशी समोरून, बसून बघतच नसे. ती त्यांच्या पोटाखाली असायची, पाय वर, तळवा आकाशाकडे.

केस जिथे संपतात आणि खूर सुरू होतो तिथे एक रेघ असते. ती जमिनीशी समांतर हवी. आत्याबाईच्या डाव्या पायाची ती रेघ समांतर नव्हती. आतल्या बाजूला वर चढलेली, बाहेरच्या बाजूला उतरलेली. उजव्या पायाची उलट, बाहेर चढलेली, आत उतरलेली. म्हणजे दोन्ही पाय घोडीच्या डाव्या अंगाला कललेले. भिंत एका बाजूला उंच, सगळा भार तिच्यावर, आणि वरची रेघ दबून वर ढकललेली.

ती उठली आणि नवऱ्याने बघितलं होतं तसंच ओळीने बघत गेली. तांबडा, डाव्या अंगाला. तट्टाणी, डाव्या अंगाला. काळा, डाव्या अंगाला. सगळ्यांच्या सगळ्या रेघा, वाऱ्याने एकाच दिशेला झुकलेल्या झाडांसारख्या. तरण्या घोड्यांनी ते सोसलं होतं. आत्याबाईचे सांधे जुने, तिला सोसलं नाही, इतकाच फरक.

शेवटच्या खणापाशी नवरा उभा होता. त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं, “हात वर होतो का तुझा?”

“कुठला?”

“उजवा. वर कर बघू.”

तिने उचलला. खांद्याच्या उंचीला येऊन तो अडला. पुढे जोर केला तर दात आवळावे लागले. तिने खाली सोडला.

“कधीपासून?”

“दुखतो अधूनमधून. सगळ्यांनाच दुखतं.”

“म्हणून मला वरच्या फळीवरचे डबे काढायला सांगत होतीस.”

“मग तुम्हाला काय वाटलं?”

नालबंदाने मिशीवरून हात फिरवला. “मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. कामाचा वाटावा म्हणून. मी मनात हसायचो तुला.”

तिलाही हसू आलं असतं, एरवी. पण डोक्यात सगळं फटाफट जागेवर बसत होतं आणि बसताना लागत होतं. कानस दोन हातांनी चालते. उजव्या हातात मूठ, डाव्या हातात टोक. उजवं कोपर उचलत नाही म्हणून मूठ खाली राहते, कानस तिरकी होते, तिच्या उजवीकडची भिंत जास्त जाते. आणि घोड्याच्या कुठल्याही बाजूला उभी राहिली तरी तिचं तोंड शेपटीकडेच असतं. तिची उजवी ती घोड्याची डावी. दर वेळी केसभर. केसभरच. पण केसभर म्हणत म्हणत किती महिने झाले? आणि नजर? नजरेने पारखत होती ना? खांदा दुखू नये म्हणून मानही तिरकी धरायची सवय लागली होती. तिरक्या मानेला तिरकं ते सरळच दिसणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणच तिने वाकडं करून ठेवलं होतं आणि त्यावर दुसऱ्यांना नाचायला लावलं होतं.

दुखणं अंगावर काढणं म्हणजे आपल्या अंगावर, असं ती समजत होती. ते घोड्यांच्या अंगावर गेलं होतं.

“ऐक,” नालबंद हळू आवाजात म्हणाला. ऑफिसच्या दाराकडे बघत म्हणाला. “नाल लावू. बाहेरच्या अंगाला चामड्याचा तुकडा घालून उंची भरून काढू. दोन खिळे बारके, पुढच्या बाजूला, तिथे भिंत बरी आहे. मी दाखवतो, तू ठोक. शनिवारपर्यंत सरळ चालेल. बाकीच्यांचं पुढच्या खेपेला गुपचूप काढू सारखं. कुणाला कळायचं नाही.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर ज्या नालेसाठी भांडला ती नाल आज त्याला हवी होती, पण जिंकण्यासाठी नाही. तिला झाकण्यासाठी.

“आणि खिळे निसटले की?”

“तोवर शनिवार जाईल.”

“व्यापारी काय एकाच शनिवारी येतो?”

त्याने काठीने फरशीवरची गवताची काडी बाजूला सारली.

तिला फार वाटलं, हो म्हणावं. कुणाची समजूत घालायला नको, कुणाचं तोंड बघायला नको. दोन खिळे ठोकावेत, घरी जावं, पडावं. पण त्या बिस्किटासारख्या भिंतीला दोन खिळे म्हणजे महिनाभराची उधारी. भिंत गेली की मग खरंच काही उरणार नाही. आत्याबाईला हवा होता वेळ. उंच बाजू आज खाली घ्यायची, आणि झिजलेली बाजू वाढेपर्यंत थांबायचं. खूर नखासारखा वाढतो, त्याला घाई कळत नाही. आणि वेळ फक्त मालकीणबाई देऊ शकत होत्या, आणि त्यांनी तो का द्यावा याचं एकच खरं कारण होतं.

मालकीणबाई फोन खिशात टाकत बाहेर आल्या. “काय ठरलं?”

“नाल—” नालबंदाने सुरुवात केली.

“अहो, थांबा.” खुरवालीने त्याच्या हातावर हात ठेवला. “बाई, घोडीत दोष नाही. माझ्यात आहे.”

आणि तिने सांगितलं. स्टुलावर बसवून दाखवलं. मालकीणबाईंना आधी काही दिसेना, मग ती केसांची रेघ दिसली, आणि एकदा दिसल्यावर त्या उठून ओळीने बघत गेल्या, तिसरी फेरी. प्रत्येक खणापाशी त्यांची पाठ जास्त ताठ होत होती. परत आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता.

“सगळी?”

“सगळी.”

“माझी सगळी घोडी तुम्ही... आणि मी हिला विकायला निघाले होते! आठ दिवस झोपले नाहीये मी!”

“हो.”

“हो काय हो! हात दुखतो तर सांगायचं ना, बाई! तोंड नाही का देवाने दिलं?”

“तोंड यांच्या वाटणीला आलं,” खुरवाली म्हणाली. विनोद करायचा नव्हता, तो थकव्यातून गळून पडला. मालकीणबाई हसल्या नाहीत. नालबंद मात्र खाली बघून खोकला.

काळ्याने लाकडी दारावर दात घासले. मग मालकीणबाई म्हणाल्या, रागाने नाही, हिशोबाने नाही, नुसत्या दमलेल्या आवाजात, “बाकीच्यांसाठी मी दुसरा माणूस बघते. तुमचा खांदा बरा होईपर्यंत. पुढचं पुढे. मी तुम्हाला आत्ता काही कबूल करणार नाही.”

“बरोबर आहे.”

“व्यापाऱ्याला नको म्हणून कळवते. पण ही,” त्यांनी आत्याबाईकडे मान केली, “ही दुसऱ्या कुणाला पाय देत नाही, तुम्हाला माहितीये. हिचं काय करायचं? वाकडा हात घेऊन तुम्हीच करणार?”

“मी बघतो बाजूला बसून,” नालबंद म्हणाला. “हात तिचा, डोळा माझा.”

“आंधळ्या-पांगळ्याची जोडी,” मालकीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी ओठांचा एक कोपरा हलला. “करा. मी इथेच उभी राहणार आहे पण.”

“राहा.”

नालबंदाचं स्टूल घोडीच्या पुढ्यात, जरा बाजूला सरकवलं. खुरवालीने पाय उचलून गुडघ्यांमध्ये घेतला. आत्याबाईने सवयीने आपलं वजन टाकलं, उबदार, जड, बेफिकीर. खुरवालीला वाटलं, हिला काय कळतं आपल्यावर कुणाची चूक पडली होती. किंवा कळत असेल, आणि तरीही टेकत असेल. आत्या लोकांचं सांगता येत नाही.

तिने कानसीची मूठ डाव्या हातात घेतली. उलट. डाव्या हाताला काम परकं होतं, पहिल्यांदा स्वयंपाकघरात आलेल्या पाहुणीसारखा तो चाचपडत होता. डाव्या बाजूची, म्हणजे खुराची आतली भिंत. एक ओढ. राखाडी भुगा पडला. दुसरी ओढ.

“टोकाकडे जास्त जातेय,” नालबंद म्हणाला. “टाचेजवळ घे.”

“घेते.”

“घेत नाहीयेस.”

“अहो, घेतेय!”

“आता घेतलीस. अजून एक. हलकी. बस. बस म्हटलं ना!”

“थांबले की!”

“सोड पाय, उभी राहू दे. बघू.”

तिने पाय सोडला. सरळ उभी राहिली, म्हणजे जेवढी राहता येत होती तेवढी. आत्याबाईने खूर फरशीवर टेकला, उचलला, परत टेकला, नवी चप्पल घालून बघावी तसा. नालबंद हनुवटी काठीवर टेकून बघत होता. मालकीणबाई श्वास रोखून होत्या.

“बाहेरच्या बाजूला वाढायला हवी अजून,” नालबंद शेवटी म्हणाला. “ते काय आज होणार नाही. सावकाश घ्यावं लागेल, महिनोन्महिने. पण रेघ उतरली थोडी.”

“चालवून बघू?” मालकीणबाईंनी विचारलं.

“चालवा, पण चार पावलं फक्त.”

आत्याबाई चालली. लंगडली. पण मान वर झटकली ती कमी, आणि वळल्यावर पाय पुढे टाकून ठेवला नाही. दोन्ही पायांवर उभी राहिली आणि सगळ्यांकडे आळीपाळीने असं बघितलं की, झालं का तुमचं.

मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि ते लपवायला काळ्यावर ओरडल्या.

खुरवालीने डावा हात झटकला. बोटांत गोळे आले होते. फरशीवर तशीच बसून राहावं, निदान चहा येईपर्यंत, असं तिला वाटलं. पण बसली तर उठणार नाही हे तिला माहीत होतं.

“चल,” नालबंद स्टूल घेऊन उठायचा प्रयत्न करत म्हणाला. “मला जरा त्या बाजूला सरकव. अजून तीन पाय आहेत.”